बेअरिंग गेलं तर अख्खा टब बदला म्हणतात. घेण्याआधी हे कसं ओळखायचं?

निशिगंधा
मंडळी, सल्ला हवाय. समोरून दार असलेलं आमचं वॉशिंग मशीन ६ वर्षं ४ महिन्यांचं आहे. आधी पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज यायचा, तो आम्ही चालवून घेतला. गेल्या महिन्यापासून मात्र आत कुणीतरी खडी भरडतंय असं वाटतं, शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. कंपनीचा माणूस येऊन गेला. दार उघडून ड्रम हाताने दोनदा फिरवला आणि म्हणाला, "बेअरिंग." मी म्हटलं, बदला मग. तर म्हणे बेअरिंग वेगळं मिळत नाही, अख्खा टब बदलावा लागतो. आणि टबाचा जो आकडा सांगितला तो नव्या मशीनच्या ६० टक्के! तपासणीचे पैसे घेतले ते वेगळेच.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की निम्मे लोक "आमचं तर उत्तम चाललंय" म्हणणार, निम्मे "मी तेव्हाच सांगितलं होतं" म्हणणार, आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

घेताना आम्ही अभ्यास केला होता हो. लोकांचे अभिप्राय वाचले, साडेचार तारे होते, दीर म्हणाले कंपनी नावाजलेली आहे, दुकानदारानेही मान डोलावली. आता नवीन घ्यायचं झालं तर मी पुन्हा हेच करणार ना? कुठली कंपनी टिकते आणि बिघडल्यावर किती खड्ड्यात घालते, हे आधी कळायचा काही मार्ग आहे का? फ्रिजही ११ वर्षांचा झालाय, त्याचीही पाळी येईलच. सासूबाईंचं जुनं मशीन १९ वर्षं चाललं हे मला रोज ऐकवलं जातंय, तेव्हा जरा लवकर सांगा.

जुनी_खिडकी
आमचं १४ वर्षं झालं, एक पैसा लागला नाही. नाव खाजगी निरोपातून कळवते, डोळे झाकून घ्या.

पाना_पक्कड
जुनी_खिडकी ताई, राग मानू नका, पण डोळे झाकून घ्यायचं तर तुमचं १४ वर्षांपूर्वीचंच मॉडेल घ्यावं लागेल, आणि ते आता बनत नाही. दारावरचं नाव तेच असेल, आतलं सगळं बदललेलं असतं.

निशिगंधा ताई, मी २६ वर्षं घरगुती मशीन दुरुस्त करतोय. पंख्याच्या मोटारी गुंडाळण्यापासून सुरुवात केली. आधी तुमच्या बेअरिंगचं सांगतो, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

बेअरिंग वेगळं मिळत नाही हे अर्धसत्य. बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी, जगभर नंबराने विकलं जातं. ६२०५ म्हटलं की आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५, मग ते कुठल्याही कारखान्यातून येवो. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा ६२०४, ६२०५, ६२०६ याच घरातली जोडी असते. ड्रमकडे मोठं, पुलीकडे (मागच्या बेल्टच्या चाकाकडे) लहान. मशीनच्या किमतीपुढे त्यांची किंमत म्हणजे चिल्लर. अडतं ते टबापाशी. टब म्हणजे ड्रमभोवतीचा, पाणी धरणारा डबा. तो दोन अर्ध्यांचा असतो. काही मॉडेलमध्ये हे अर्धे स्क्रूने आवळलेले असतात आणि मध्ये रबर असतं: स्क्रू काढा, उघडा, बेअरिंग ठोकून काढा, नवं बसवा. काहींमध्ये मात्र दोन्ही अर्धे कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असतात. तो टब उघडायचा तर करवतच लावावी लागते. कंपनीचा माणूस करवत लावत नाही, त्याला परवानगी नसते. म्हणून तो म्हणतो "टब". तो खोटं बोलत नाही, त्याच्यापुरतं खरं बोलतो.

आणि बेअरिंग आपण होऊन क्वचितच मरतं, त्याला बुडवून मारतात. त्याच्या पुढे एक रबरी ऑइल सील असतं. ते कडक झालं की साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो. आवाज येतो तो त्यानंतर. तुम्ही विमान म्हणालात ना, तेव्हाच दार उघडून ड्रमची कड धरून वर-खाली हलवायला हवी होती. टबासकट सगळं हललं तर हरकत नाही, ते स्प्रिंगवरच असतं. पण टब जागेवर राहून नुसता ड्रम खडखडला तर बेअरिंग सुटत आलंय असं समजायचं. मागचं झाकण काढून पुलीच्या मागे गंजाच्या तांबड्या ओघळाची रेघ दिसली तर प्रश्नच मिटला.

आता मोठ्या प्रश्नाकडे. कंपनी कुठली चांगली?

मी पहिल्या वर्षापासून वही ठेवतो. मॉडेल, वय, काय गेलं, गिऱ्हाइकाने दुरुस्त केलं की टाकलं. दहाएक वर्षांनी मला वाटलं, आपल्याकडे आता पक्का माल आहे, कुणी विचारलं की वही उघडायची. वहीत एका कंपनीची पानंच्या पानं होती. मी लोकांना सांगायचो, ही नको बाबा. मग एकदा सहज ज्या इमारतीत काम होतं तिथे बारा घरांत डोकावलो. सात घरांत तीच कंपनी! वहीत ती जास्त दिसणारच, कारण घराघरांत तीच जास्त होती. जी बिघडत नाहीत ती मशीन माझ्याकडे येतच नाहीत. मी फक्त आजारी माणसं बघून गावाची तब्येत सांगत होतो.

दुसरी फजिती याहून वाईट. एका कंपनीची वहीत ८ वर्षांत फक्त चार पानं. मी खूश. बहिणीला तीच घ्यायला लावली. चौथ्या वर्षी दाराचं कुलूप गेलं. एवढंसं कुलूप, दोन स्क्रूचं काम. पण पार्टच येईना. आज येईल, उद्या येईल. मशीनवर बादल्या ठेवायला सुरुवात झाली, आणि एकदा मशीनवर बादल्या ठेवायला लागले की ते मशीन गेलं असं समजा. शेवटी भंगारात दिलं. ते द्यायला मीच गेलो होतो, आणि तिथे त्याच कंपनीची आणखी पाच मशीन ओळीने उभी! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वहीत पानं चारच का, तर पार्ट मिळत नाहीत म्हणून लोक दुरुस्तीला आणतच नव्हते. बहीण अजून ऐकवते. सासूबाईंपेक्षा बहीण परवडत नाही, सांगून ठेवतो.

तेव्हापासून मी बिघाड मोजणं सोडलं आणि पार्टचे भाव विचारायला लागलो. ही माझी पद्धत, हवी तर वापरा.

मशीन आवडलं की लगेच घ्यायचं नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्यायचा, शेवटच्या अक्षरासकट, कारण कधीकधी त्या एका अक्षरात बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बदलतो. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा पार्ट विकणाऱ्या काउंटरला फोन करायचा आणि पाच पार्टचे भाव विचारायचे: मेन बोर्ड, ड्रेन पंप (पाणी बाहेर फेकणारा), दाराचं कुलूप, दाराचं रबर, आणि बेअरिंग. बेअरिंग म्हटल्यावर समोरून "टब सेट" असं उत्तर आलं तर ते तसंच लिहून घ्यायचं. प्रत्येक आकड्याला मशीनच्या किमतीने भागायचं. पंप दहाव्या हिश्श्याच्या वर गेला तर माझ्या कपाळाला आठी पडते. बोर्ड तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला तर मी ते मशीन घेऊ देत नाही, त्यावर कितीही तारे असोत. हे हिस्से कुठल्या पुस्तकातले नाहीत, माझ्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक ज्या आकड्याला "राहू द्या मग" म्हणतं तो आकडा आहे.

यातला खरा प्रश्न सहावा. त्याच कंपनीच्या ८ वर्षं जुन्या एखाद्या मॉडेलचा बोर्ड मागायचा. आपल्याकडे ते मॉडेल नसलं तरी मागायचा. मिळतो का, किती दिवसांत, आणि नवा की दुरुस्त केलेला. आज नवीन गिऱ्हाइकाशी सगळेच गोड बोलतात. ८ वर्षांनी तुम्ही जिथे उभे असणार, तिथे आज उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर मिळतंय ते ऐकायचं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून असल्या गोष्टींचा अंकच मशीनवर लावायला लागतो. १० पैकी गुण. माहितीपत्रकं मिळतात का, किती सहज सुटं होतं, पार्ट मिळतात का, आणि पार्टची किंमत मशीनच्या किमतीच्या किती हिस्सा आहे, यावर. पहिल्या यादीत समोरून दाराची वॉशिंग मशीन होतीच. २०२५ पासून वॉशिंग मशीनसाठी त्याच्या जागी टिकाऊपणाचा अंक आला. हे वाचलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, बघ, माझा भागाकार फ्रान्सपर्यंत गेला. ती म्हणाली, पैसे आले का तिकडून? असो. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारात यायचं थांबल्यावरही १० वर्षं त्याचे मुख्य पार्ट मिळाले पाहिजेत, फ्रिजचे ७ वर्षं, आणि मागितल्यापासून कामाच्या १५ दिवसांत. तेच मॉडेल तिकडेही विकलं जात असेल तर तिथला अंक शोधून बघायला हरकत नाही. पण मॉडेल तेच हवं, भाऊबंद नको.

कंपनीच्या नावाबद्दल एवढंच: नाव ही विकत मिळणारी वस्तू आहे. मेटॅग नावाची अमेरिकन कंपनी १९६७ पासून जाहिरात करायची, त्यात त्यांचा दुरुस्तीवाला बिचारा काम नाही म्हणून कंटाळून बसलेला. २००६ साली ती कंपनी व्हर्लपूलने घेतली. जीईचा घरगुती उपकरणांचा धंदा २०१६ साली हायरकडे गेला, तोशिबाचा त्याच वर्षी मिडियाकडे. फिलिप्सने २०२१ साली हा धंदा विकला आणि नाव वापरायला करारावर दिलं. नव्या मालकाने माल बिघडवला असं मी म्हणत नाही, कधी सुधारतोसुद्धा. पण आजोबांच्या मिक्सरच्या आठवणीवर नातवाने खरेदी करू नये. नाव मोठं, लक्षण खोटं होऊ शकतं आणि उलटही.

बोर्डाबद्दल वेगळं लिहायला हवं, पण गिऱ्हाईक आलंय.

आकडेमोड
पाना_पक्कड, वहीचा किस्सा भारी. आमच्या धंद्यात (कारखान्यात गुणवत्ता विभाग, घरगुती मशीन नव्हे) नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. त्यात थोडी भर घालतो.

"किती टक्के बिघडतात" आणि "बिघडल्यावर किती लागतात" हे दोन आकडे एकटे निरुपयोगी आहेत, त्यांचा गुणाकार करायचा. समजा 'अ' मशीन १० पैकी एकाला दुरुस्ती लागते, पण लागली की निम्मी किंमत जाते. 'ब' ४ पैकी एकाला लागते, पण दहावा हिस्सा जातो. सरासरी 'अ'चा बोजा किमतीच्या ५ टक्के, 'ब'चा अडीच. तारे देणारे 'अ'ला डोक्यावर घेतील. (हे आकडे नुसते समजावण्यापुरते.)

दुसरं, यंत्रांच्या बिघाडाचा आलेख बाथटबसारखा असतो. सुरुवातीला कारखान्यातले दोष बाहेर पडतात, मग बरीच वर्षं शांतता, मग झिजेमुळे पुन्हा चढ. अभिप्राय लिहिणारे बहुतेक जण पहिल्या महिन्यात लिहितात, म्हणजे या बाथटबाच्या डाव्या कडेवर बसून. निशिगंधा यांचं बेअरिंग उजव्या कडेवर गेलं, तिथे बसून कुणी तारे देत नाही. तेव्हा अभिप्राय जुन्यापासून नव्याकडे लावून वाचा, आणि "३ वर्षांनी पुन्हा लिहितोय" असं म्हणणाऱ्यांचेच वाचा.

सायलीची_आई
हे सगळं पटतं, पण एक विचारू? सामान्य माणसाने सर्व्हिस सेंटरला फोन करून बोर्डाचा भाव विचारला तर ते सांगतात का? मी एकदा विचारला तर म्हणाले, आधी तक्रार नोंदवा, माणूस येईल, तो बघून सांगेल.

आणि फ्रिजवर "कॉम्प्रेसर १० वर्षं वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात असतं, त्याला काही अर्थ असतो का?

पाना_पक्कड
सायलीची आई, सांगत नाहीत हेही उत्तरच आहे. वहीत लिहून ठेवायचं, "सांगितलं नाही". काही कंपन्यांचे पार्ट आणि भाव ऑनलाइन उघड दिसतात, त्यांना माझ्याकडून एक गुण जास्त. बाहेरच्या विक्रेत्यांकडेही मॉडेल नंबर टाकून बघा. एखाद्या मशीनचा पंप दहा जण विकत असतील तर दोन अर्थ निघतात: पंप वरचेवर जातो, आणि गेला तर अडत नाही. एकही जण विकत नसेल तर घाबरायचं.

कॉम्प्रेसरची वॉरंटी खरी असते, पण कार्ड वाचा. बहुतेक ठिकाणी ती फक्त कॉम्प्रेसर नावाच्या डब्याची असते. तो बदलताना गॅस नवा भरावा लागतो, फिल्टर ड्रायर बदलावा लागतो, जोड वितळवून लावावे लागतात, माणसाची मजुरी असते. हे सगळं अनेकदा तुमच्या खात्यावर. शिवाय फ्रिज बंद पडला म्हणजे कॉम्प्रेसर गेला असं फार थोड्या वेळा असतं. कॉम्प्रेसर हा फ्रिजमधला सगळ्यात चिवट गडी. माझ्याकडे येतात त्यांत जास्त करून स्टार्ट रिले, थर्मोस्टॅट किंवा सेन्सर, डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर, आतला पंखा. वर थंड, खाली गरम अशी तक्रार असली तर गिऱ्हाईक म्हणतं "गॅस संपला". अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. संपला असेल तर गळतोय, आणि गळती न शोधता जो नुसता गॅस भरून देतो त्याला पुन्हा बोलावू नका. बऱ्याचदा त्या तक्रारीत गॅस पूर्ण असतो, आतल्या बाजूला मागच्या कॉइलवर बर्फाची भिंत झालेली असते, कारण हीटर गेलेला. या दोन कामांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

एक मात्र बघून घ्या: गळती फोमच्या आत, भिंतीत दडवलेल्या नळीत असली तर ती दुरुस्ती बहुधा परवडत नाही. म्हणून ११ वर्षांच्या फ्रिजबद्दल निशिगंधा ताईंना माझा सल्ला: आज काही झालं नसेल तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा, चारही बाजूंनी. सहज सुटली तिथून थंडी जातेय. मागे किंवा खाली कॉइल उघडी असेल तर प्लग काढून धूळ झाडा. बाकी त्याला त्याच्या मनाने जगू द्या.

आता बोर्ड. आकडेमोड साहेब, तुमचा बाथटब बोर्डाला लागू होतो की नाही मला माहीत नाही, माझ्याकडे बोर्ड कधीही येतात. विजेचा झटका, ओल, झुरळ, पाल. उंदीर बोर्ड खात नाही, वायर खातो. काही कंपन्या ओल लागू नये म्हणून अख्खा बोर्ड राळेसारख्या लेपात बुडवतात. झुरळ आत जात नाही, हे चांगलं. पण एक साधा रिले (विजेचा आपोआप चालणारा खटका) गेला तरी मला तो काढता येत नाही, हे वाईट. उघडा बोर्ड लवकर मरतो आणि लवकर जिवंत होतो. ओलसर बाथरूममध्ये मशीन ठेवणार असाल तर लेपवाला घ्या आणि त्याचा भाव आधीच विचारा. कोरड्या जागी मला उघडा आवडतो. हे माझं मत, दुसरा मेकॅनिक नेमकं उलट सांगेल.

उष्णतेचं मात्र मत नाही, शास्त्र आहे. बोर्डावर ते उभे डबे असतात, कॅपॅसिटर, त्यांच्याभोवतीचं तापमान १० अंशांनी कमी झालं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. मशीन भिंतीला चिकटवून, वर कापड टाकून, बाजूला गरम काहीतरी ठेवून वर कंपनीला शिव्या द्यायच्या हे बरोबर नाही. माझ्या वहीत कंपनीचा रकाना आहे, जागेचा नव्हता. तो मी फार उशिरा आखला.

निशिगंधा ताई, तुमच्या टबाचं. करवत लावणारे मेकॅनिक असतात. जोडावरून कापतात, कडेने भोकं पाडून ठेवतात, बेअरिंग आणि सील बदलून सिलिकॉन लावून स्क्रूने आवळतात. चांगलं झालं तर वर्षानुवर्षं चालतं, वाईट झालं तर गळतं. कापण्याआधी दोन गोष्टी कबूल करून घ्या: ऑइल सील नवंच घालायचं, आणि टब उघडल्यावर स्पायडर तुम्हाला दाखवायचा. स्पायडर म्हणजे ड्रमच्या पाठीला असलेला तीन पायांचा ॲल्युमिनियमचा तुकडा, त्यावर सगळा ड्रम तोललेला असतो. ड्रम स्टीलचा, तो ॲल्युमिनियमचा, वर साबणाचा गाळ बसलेला. तो कुरतडला जातो. पायाला तडा असेल तर बेअरिंगवर खर्च करू नका. नुसता खडबडीत असेल तर घासून, धुऊन चालेल. आणि साबण निम्मा करा. सगळेच जास्त घालतात.

आणखी एक. सासूबाईंना विचारा, ते १९ वर्षांचं मशीन किती वेळा उघडलं होतं.

जुनी_खिडकी
पाना_पक्कड, राग नाही मानला. पण तुमचं वाचून ह्यांना विचारलं. ते म्हणतात, चौथ्या-पाचव्या वर्षी पंप बदलला होता आणि दोनदा बेल्ट. मला आठवतसुद्धा नाही! एक पैसा लागला नाही हे वाक्य मागे घेते.

निशिगंधा
१२ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः पाना_पक्कड दादांचे.

आधी फोनचं सांगते. तीन मॉडेल निवडली होती, सहा प्रश्न, एकूण अकरा फोन. पहिल्या कंपनीने तक्रार नोंदवल्याशिवाय भाव सांगणार नाही म्हटलं, मी "सांगितलं नाही" असं लिहिलं. दुसरीने पाचही भाव सांगितले. बेअरिंग म्हटल्यावर "टब सेट" आणि बोर्ड किमतीच्या ३८ टक्के. तिला सगळ्यात जास्त तारे आहेत. तिसरीचा काउंटरवाला आधी वैतागला, मग म्हणाला, "मॅडम, मशीन बिघडलंय का?" मी म्हटलं, अजून घेतलंच नाही. तो हसला आणि मग शांतपणे सगळं सांगितलं. टब स्क्रूचा, बेअरिंग सुटं मिळतं, बोर्ड २२ टक्के, जुन्या मॉडेलचा बोर्ड आठवड्यात येईल. हे मशीन दिसायला सगळ्यात साधं आहे, दाराला चांदीची कडसुद्धा नाही. घ्यायचं झालं तर हेच.

पण सध्या घेत नाही, कारण जुनं उघडून घेतलं. टब चिकटवलेलाच निघाला. माझ्यासमोर करवत लावली, तेव्हा पोटात गोळा आला. सील दगडासारखं कडक, मोठं बेअरिंग तांबडंलाल, गोळ्या अक्षरशः सांडल्या. स्पायडरवर पांढरट-करडा थर चढला होता, घासल्यावर खड्डे दिसले, तडा नव्हता. मेकॅनिकने भिंगातून दाखवला, मीच हट्ट धरला म्हणून. एकूण खर्च नव्या मशीनच्या नवव्या हिश्श्याएवढा आला. पहिल्या धुण्याला डाव्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळलं, तो पुन्हा येऊन दोन स्क्रू वाढवून गेला. त्यानंतर आठ धुणी झाली, खालची लादी कोरडी आहे. आवाज इतका कमी झालाय की परवा संपल्याचं कळलंच नाही, कपडे संध्याकाळपर्यंत आत राहिले.

आणि सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "कधीच नाही, एकदाही उघडलं नाही." मग सासरे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "दोनदा मोटारीत कार्बन घातला, एकदा बेल्ट, आणि ते खालचं पाणी फेकणारं काय ते." सासूबाई म्हणाल्या, "अहो, ते काय बिघडणं झालं?"